चार हजारांची टाकी पाच वर्षांत कितीला पडते?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही खानापूरला राहता, सहावीतल्या मुलीला फिशटँक हवाय. बेळगावातला दुकानदार म्हणतो, दोन फुटी टाकी माशांसकट चार हजारात देतो, नंतर दाण्यांशिवाय महिन्याला काही लागत नाही. आणि टिळकवाडीतले तुमचे दीर सांगतात की त्यांना तशीच टाकी दोन वर्षांत पंचवीस हजारांना पडली. मग खरं कुणाचं?

दोघांचंही. दुकानदार पहिल्या दिवसाचा हिशोब सांगतोय, तोही जरा हात राखून. दिरांनी कुठले मासे आणले होते ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण गोल्डफिश, दुकानात 'शार्क' म्हणून विकतात तो मासा नाहीतर ऑस्कर असणार, हे मी न बघता सांगतो. मी बेळगावच्या शहापुरात टाक्या बांधतो, घरांत आणि दवाखान्यांत बसवून देतो आणि नंतर त्यांची साफसफाई, दुरुस्तीही माझ्याकडंच येते. त्यामुळं विकताना बोललेला आकडा आणि तीन वर्षांनंतरचा आकडा, दोन्ही मला बघायला मिळतात. टाकीचा खर्च वर्षागणिक उतरत जाणार की चढत जाणार, हे बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात पिशवीतून कुठला मासा घरी आला त्यावर ठरलेलं असतं.

आधी ते चार हजार मोडून बघू. भाव आमच्याकडं सध्या चालतात ते सांगतोय, शे-दोनशे इकडं-तिकडं धरा. २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच, ५ मिलिमीटर काचेची टाकी बाराशे ते पंधराशेला येते. एलईडी बसवलेलं झाकण सात-आठशे. आत बुडणारा फिल्टर चारशे, हवेची मोटर अडीचशे, दहा किलो खडी अडीचशे. मागं चिकटवायचं निळं चित्र, एक-दोन प्लॅस्टिकची झाडं, पाच-सहा मासे, दाण्यांची डबी. झाले चार हजार.

ह्यात स्टँड नाही. ही टाकी वरून दोन-तीन इंच रिकामी ठेवली तरी ६० लिटरच्या आसपास पाणी धरते. पाणी, खडी आणि काच मिळून वजन ऐंशी किलोच्या घरात जातं. टीव्हीच्या शोकेसवर, तेही प्लायवूडच्या, हे ओझं ठेवू नका. प्लाय मधे बाक धरते आणि टाकीच्या तळाची काच कोपऱ्यातून तडकते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुणाही फॅब्रिकेटरकडून अँगलचा स्टँड करून घ्या, पंधराशे-अठराशेत होतो, वर थर्माकोलची शीट अंथरा. शिवाय हीटर साडेतीनशे, थर्मामीटर, पाणी ओढायची नळी, जाळी आणि क्लोरीन मारायचं औषध मिळून आणखी तीनशे. म्हणजे पहिला दिवस सहा हजारांचा. दुकानदार खोटं बोलत नाही. तुम्ही स्टँडबद्दल विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, एवढंच.

आता ज्या खर्चाबद्दल कुणीच सांगत नाही तो: पहिले दोन महिने. सगळ्यात जास्त मासे ह्याच काळात मरतात आणि सगळ्यात जास्त औषधं ह्याच काळात खपतात. टाकी आणल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मला फोन येतात, "मामा, मासे वर येऊन तोंड मारायलेत, पाणी पण दुधासारखं झालंय." लोकांना वाटतं मासे रोगट दिले. मग दुकानातून निळं औषध येतं, पिवळं औषध येतं, पाणी काचेसारखं करणारं कसलंसं द्रावण येतं. सगळं पाणी बदललं जातं, खडी नळाखाली घासून धुतली जाते. आठवड्यानं पुन्हा तेच.

होतं काय, की माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया सुटतो, आणि तो माशाला विष आहे. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजात आणि खडीवर जिवाणू वाढलेले असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानानं निरुपद्रवी, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या टाकीत हे जिवाणूच नसतात. ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपल्या थंडीत त्याहून जास्त. तुम्ही वैतागून सगळं धुतलंत की जमलेले जिवाणूही मोरीत गेले आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. ह्या चक्रात हजार-दीड हजार सहज जातात, आणि मुलगी रडते ती वेगळीच.

हा खर्च जवळजवळ पूर्ण वाचवता येतो. ओळखीत कुणाची वर्षभर जुनी, निरोगी मासे असलेली टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीच्या पाण्यात पिळून घ्या. पिळताना जो तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा गाळ निघतो तो बघून लोक नाक मुरडतात. त्यातच सगळं आहे. माझ्याकडून टाकी नेणाऱ्याला मी असा वापरातला स्पंजाचा तुकडा पिशवीत घालून फुकट देतो. तो फिल्टरमध्ये घालायचा, आधी दोन-तीन चिवट मासे सोडायचे, दाणे चिमटीच्या टोकाएवढेच, आणि बाकीचे मासे महिन्या-दीड महिन्यानं आणायचे. स्पंज कधी धुवायचा झालाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, बादलीत. नळाखाली नाही.

मासे एकदम न आणण्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या दुकानांतले रंगीत मासे बहुतेक बाहेरगावचे, मोठ्या पैदास केंद्रांतून आलेले. चेन्नईचं कोळत्तूर त्यातलं नावाजलेलं. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत प्रवास करून ते दमलेले असतात. दुकानात आल्या दिवशीचा मासा घेऊ नका. चार-पाच दिवस तिथं काढून जो खातोय, पंख पसरून हिंडतोय, तो घ्या. दुकानदाराला "माल कधी आला?" एवढं विचारायचं.

दोन-तीन महिने निघाले की खर्च खाली येतो, आणि तिथं दुकानदाराचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं. दोन फुटी टाकीचा आठ वॅटचा फिल्टर चोवीस तास चालला तर महिन्याला पावणेसहा युनिट. तीन वॅटची हवेची मोटर दोन युनिटच्या थोडं वर. बारा वॅटचा दिवा रोज आठ तास लावलात तर तीन युनिट. अकरा युनिट झाले, सत्तर-पंच्याहत्तर रुपये धरा. लहान आठ माशांना शंभर ग्रॅम दाणे तीन-चार महिने पुरतात. पाण्याचं औषध थेंब-थेंब लागतं. महिन्याला शे-सव्वाशेत टाकी चालते.

लाईट बिलाचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण आता घराघरांत गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना आहे आणि त्यानं हिशोब बदललाय. बहुतेकांचा समज, की २०० युनिटपर्यंत सगळ्यांना फुकट, मग टाकीचे दहा-अकरा युनिट कशाला मोजायचे? २०० ही वरची हद्द आहे. तुमच्या मीटरला फुकट मिळणारे युनिट ठरलेत ते २०२२-२३ सालच्या तुमच्या सरासरी वापरावर, आणि त्यात दहा टक्के वाढ धरून. समजा तुमची सरासरी ७० होती, तर मोकळीक ७७ ची. टाकी आल्यावर वापर ८५ झाला, तर वरच्या आठ युनिटचे पैसे येतात. ते परवडतं. ज्यांचा वापर आधीच १८५-१९० च्या आसपास घुटमळतोय त्यांनी मात्र सांभाळावं. २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळंच बिल भरावं लागतं, आणि थंडीत हीटर लावल्यावर ते ओलांडले जातात. मग तीस रुपयांच्या माशापायी हजाराच्या वरचं बिल. हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं बिल हातात घेऊन तुमचे पात्र युनिट किती लिहिलेत ते आधी बघा.

आणि हो, थंडी. मुंबईतल्या लोकांनी लिहिलेले सल्ले वाचून आपल्याकडचे लोक इथंच फसतात. तिथं हीटर लागला तर लागला. आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो, कौलारू घर असेल तर आतलं पाणीही १९-२० वर येतं. एंजल, टेट्रा, गप्पी, फायटर ह्यांना २४ च्या आसपास हवं. नुसतं गार असतं तर एक वेळ चाललं असतं, पण दिवसा २४ आणि पहाटे १९ असं रोज खालीवर झालं की अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठतात आणि आठवड्यात टाकी रिकामी होते. दोन फुटी टाकीला १०० वॅटचा हीटर लागतो. तो सारखा चालू नसतो, पण अशा थंडीत दिवसाला दहा-बारा तास तरी पेटतोच. महिन्याला तीस ते पस्तीस युनिट झाले. म्हणजे एरवी अकरा युनिट खाणारी टाकी थंडीत चौपट खाते.

ह्यात वाचवायचं असेल तर टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचेला बाहेरून थर्माकोल लावा, झाकण नीट बसवा, हीटर २८ वर न ठेवता २४-२५ वर ठेवा. किंवा सरळ असे मासे आणा ज्यांना हीटर लागतच नाही. झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब हे मूळचे आपल्याच उपखंडातले, गार पाण्यात मजेत राहतात, झुंडीनं दिवसभर पळतात, झेब्रा दोन इंचांच्या आसपास राहतो, रोझी बार्ब टाकीत सहसा तीन-चार इंचांवर जात नाही, आणि दोन्ही वीस-तीस रुपयांना मिळतात. रोझी बार्बचा नर रंगात आला की तांब्यासारखा दिसतो. दुकानात ते कोपऱ्यातल्या टाकीत असतात, कारण त्यांत नफा नाही. तुमच्या मुलीच्या टाकीसाठी मी आठ झेब्रा किंवा सहा रोझी बार्ब सुचवीन, दोन्ही एकत्र नकोत, टाकी भरून जाईल.

खानापूरचं म्हणून पावसाळ्याचं बोलायला हवं. तालुक्याच्या जंगलाकडच्या भागात जून ते सप्टेंबर झाड पडून, तार तुटून लाईट जाणं नवीन नाही, आणि गेली की कधी येईल हे लाईनमनही सांगत नाही. दोन-तीन तासांनी काही होत नाही. टाकीत मासे माफक असतील तर रात्रभरही निघते. भरगच्च टाकीत मात्र पाच-सहा तासांत मासे वर येऊन श्वास घ्यायला लागतात. घरात इन्व्हर्टर असेल तर फिल्टर आणि मोटर त्यावर टाका, दहा-बारा वॅटनं त्याला काही होत नाही. नसेल तर बॅटरीवर चालणारी हवेची मोटर तीनशे-चारशेला मिळते. तीही नसेल तर तांब्यानं पाणी काढून फूटभर वरून पुन्हा टाकीत सोडायचं, तासाला दहा मिनिटं. आणि टाकीबाहेर ठेवतात तो बंद डब्याचा मोठा फिल्टर असला आणि बराच वेळ लाईट नसली, तर लाईट आल्यावर तो तसाच चालू करू नका. आतलं पाणी कोंडून नासलेलं असतं, ते टाकीत आलं की उरलेसुरले मासेही जातात. डबा आधी रिकामा करायचा, मग चालू.

पावसाळ्याचा दुसरा धोका विहिरीचा. एरवी विहिरीचं पाणी थेट टाकीत घालायची सवय झालेली असते, त्यात क्लोरीन नसतं. मग जुलैत पंचायतीची माणसं येऊन विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून जातात आणि आपल्याला पत्ता नसतो. त्या दिवशी पाणी बदललं की संध्याकाळपर्यंत टाकी साफ. म्हणून विहिरीचं असो नाहीतर नळाचं, पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवूनच घाला, आणि पावसाळ्यात औषधाचे थेंबही टाका. आठवड्याला एक बादली पुरे, सगळं पाणी कधीच बदलायचं नाही.

पाण्यावरनं आठवलं. तुमच्याकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं. अथणी-रायबागकडं बोअरचं पाणी जड, काचेवर पांढरा थर चढवणारं. तिकडचे लोक डिस्कससारखे मऊ पाण्याचे मासे आणतात आणि मग आरओचं पाणी विकत घेऊन टाकी भरतात. खर्च कायमचा मागं लागला. तिकडं गप्पी, मॉली छान राहतात, तेच ठेवावेत. आपल्या पाण्यात जो मासा सुखानं जगतो तो स्वस्त, मग त्याची दुकानातली किंमत काही असो.

आता तुमच्या दिरांच्या पंचवीस हजारांकडं येतो. ते बहुधा असे गेले असतील. पहिल्या दिवशी दोन इंची मासे, टाकी मोकळी-मोकळी दिसते म्हणून आणखी चार आणले. दुकानात 'शार्क' म्हणून जो चंदेरी, टोकदार पंखाचा मासा चाळीस रुपयांना जोडी मिळतो, तो हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो त्याच घराण्यातला. नदीत तो साडेतीन-चार फुटांचा होतो. काच साफ ठेवतो म्हणून दिलेला सकर फूट-सव्वा फुटाचा होतो, आणि खातो कमी, घाण जास्त करतो. ऑस्कर वर्षभरात दहा इंचांवर जातो. गोल्डफिश सहा-आठ इंचांचा, आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगणारा. कुणी वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश दोन फुटी टाकीत ठेवायला सांगतात. सांगणाऱ्याचं काय जातंय? नऊ गोल्डफिशना दोनशे-अडीचशे लिटर पाणी कमी पडतं. ती टाकी दर पंधरा दिवसांनी धुवायला मला बोलावतात, आणि खरं सांगायचं तर माझ्या धंद्याला असे सल्ले फायद्याचेच आहेत.

तर आठव्या-दहाव्या महिन्यात मासे टाकीत वळेनासे होतात, पाणी चार दिवसांत गढूळ होतं, वास मारतं. इथं माणूस दोनपैकी एक करतो. कंटाळून टाकी गच्चीवर नेऊन ठेवतो, नाहीतर तीन फुटी टाकी घेतो. ३ फूट बाय दीड बाय दीडची टाकी ८ मिलिमीटर काचेत स्टँडसकट नऊ-दहा हजार, बंद डब्याचा फिल्टर चार हजार, हीटर मोठा, दिवा मोठा. पंधरा हजारांच्या आसपास गेले. आणि एवढ्यावर थांबत नाही. फिल्टर, दिवा, मोटर मिळून महिन्याला पंचवीस-सत्तावीस युनिट, थंडीत २०० वॅटचा हीटर त्यावर आणखी साठ. दोन मोठे ऑस्कर महिन्याला तीनशेचे दाणे सहज खातात. दोन फुटी टाकी लहान माशांवर वर्षाला अडीच हजारांत चालते, हीटर नसेल तर दोन हजारांतही. ही मोठी वर्षाला आठ हजारांच्या खाली येत नाही. दिरांचे पंचवीस हजार असे झाले, त्यात फसवणूक कुणी केली नाही.

मोठे मासे ठेवूच नयेत असं नाही. ऑस्कर माणूस ओळखतो, हातातून खातो, त्याची मजा वेगळी. पण ऑस्कर हवा असेल तर पहिल्याच दिवशी मोठी टाकी घ्या. लहान घेऊन मग मोठी घेणं हे सगळ्यात महागाचं. आणि मासे मोठे झाले म्हणून मलप्रभेत किंवा गावच्या तळ्यात नेऊन सोडू नका. सकर तर देशभरात बऱ्याच नद्या-तळ्यांत असाच जाऊन बसलाय आणि तिथल्या मूळ माशांच्या मुळावर आलाय. दुकानदार मोठा मासा परत घेतो, पैसे देणार नाही कदाचित, पण घेतो.

दुसऱ्या वर्षापासून पाचव्यापर्यंतचा काळ सुखाचा. ह्या काळात मोडतं ते लहानसहान. हवेच्या मोटरचं आतलं रबर वर्ष-दोन वर्षांत कडक होऊन चिरतं. बुडबुडे कमी झाले आणि मोटर घुरघुर करायला लागली की लोक नवी मोटर आणतात. खालचे चार स्क्रू काढा, आत बोटाच्या पेराएवढी काळी रबरी वाटी दिसेल, तिच्या कडेला बारीक चीर असते. ती वाटी वीस-तीस रुपयांना मिळते. फिल्टर बंद पडला वाटलं तर आतला लहान पंखा काढून जुन्या टूथब्रशनं घासा, दहातले सात फिल्टर परत चालू होतात. दुरुस्त करायची नाही अशी एकच वस्तू, ती म्हणजे हीटर. साध्या हीटरचं आतलं बटण जुनं झालं की कधीतरी चालूच्या जागी चिकटतं, आणि सकाळी पाणी ३६-३७ अंशांवर गेलेलं असतं. तीन थंड्या झाल्या की साडेतीनशे रुपये खर्चून नवा घ्या. पाण्यात हात घालण्याआधी सगळी बटणं बंद करायची, हे मुलीला पहिल्या दिवशी शिकवा.

ह्याच काळात काहींना खऱ्या झाडांचा नाद लागतो. जावा मॉस, अनुबियासवर थांबलात तर शंभर-दोनशेत भागतं. त्यापुढं झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर, खास माती, खास दिवे असं सुरू झालं तर तो वेगळा शौक आहे, त्याचा हिशोब ह्यात धरू नका. खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल तर बोलतच नाही.

गावी जाताना होणारा खर्च एक राहिला. गणपतीला, यात्रेला घर चार-पाच दिवस बंद असतं आणि किल्ली शेजारी असते. शेजारचं पोर प्रेमानं अर्धी डबी ओततं, पाणी नासतं, तुम्ही परत येता तेव्हा मासे उलटे. मोठे झालेले निरोगी मासे पाच-सहा दिवस न खाता आरामात राहतात. त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर एका दिवसाच्या दाण्यांची एक अशा कागदाच्या पुड्या बांधून द्या आणि डबी कपाटात ठेवून जा.

सहाव्या-सातव्या वर्षानंतर टाकी स्वतः म्हातारी व्हायला लागते. कोपऱ्यातल्या सिलिकॉनकडं बघत जा. काच आणि सिलिकॉनच्या मधे हिरवी रेघ आत शिरताना दिसली, किंवा कड नखानं उचलली जायला लागली, तर सांधा सुटायला लागलाय. टाकी गळेपर्यंत थांबू नका. लहान टाकी पुन्हा सिलिकॉन करून घ्यायला चार-पाचशे लागतात, पण माशांची दोन दिवस सोय दुसरीकडं करावी लागते. आठ-दहा वर्षं झाली असतील तर मी दुरुस्तीपेक्षा नवी घ्या म्हणतो. स्टँडच्या मागच्या पायांना खालून हात लावून बघा, नळी काढता-घालताना सांडलेलं पाणी तिथंच उतरतं आणि अँगल आतून गंजतो. वर्षातून एकदा रंगाचा हात मारला तर पुढची चिंता नाही.

तुमच्यासाठी सरळ सांगतो. नवी टाकी घेऊच नका. वर्षभरात कंटाळलेल्यांच्या टाक्या बेळगावात कायम विकायला असतात, स्टँड आणि झाकणासकट निम्म्या किमतीत मिळतात. दिरांची पहिली दोन फुटी टाकी गच्चीवर पडली असेल तर तीच मागून घ्या. अंगणात सपाट जागी थर्माकोलवर ठेवून काठोकाठ भरा, दोन दिवस तशीच राहू दे, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद घाला म्हणजे थेंबही कळतो. काचेवर ओरखडे चालतील, कोपऱ्याला टवका उडालेला नको. हीटर आणि फिल्टर तेवढे नवे घ्या. असं केलंत तर सगळं मिळून अडीच-तीन हजारांत बसेल, आणि झेब्रा ठेवणार असाल तर हीटरही ह्या वर्षी नको. मासे आणायच्या आधी दिरांच्या चालू टाकीतला स्पंज पिळून आणायला विसरू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला ठेवून त्याच दिवशी आणायचा. टाकी अशा भिंतीला लावा जिथं खिडकीतलं ऊन थेट येत नाही, नाहीतर काच हिरवी होऊन दर रविवारी घासत बसावं लागेल.